त्या दिवशी लाइन गेली नव्हती

लाखनीत सरांचा विषय निघाला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कोन, ते मेन स्विचवाले का?" गेल्या वर्षी सर वारले. अंत्ययात्रेत मागच्या रांगेतही हेच चाललं होतं.

"परीक्षा चालू होती म्हने, आन् बुढ्यानं मेन स्विच पाडून देला! पोराईची नाही, मास्तराईची परीक्षा!"

सांगणारा हसला, ऐकणारा हसला. मी त्यांच्या बाजूनेच चालत होतो. एकाने माझ्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, तुम्ही होते नं तवा तिथं?"

मी होतो. तेव्हा मी नुसती मान हलवली. माणसाला खांद्यावरून नेत असताना तरी खरं बोलावं असं वाटलं होतं, पण घाट जवळ आला होता आणि लोक घाईत होते. आता सांगतो. सरांनी परीक्षेत मेन स्विच पाडला नव्हता. त्या दिवशी लाइन गेलीच नव्हती. ती गोष्ट मी रचली, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी लिहिलेलं एवढंच वाक्य लोकांच्या तोंडी राहिलं आहे.

सर संगणक शिकवायचे. हायवेवर टायरच्या दुकानाच्या वर त्यांची वर्गाची खोली होती, भिंतीपलीकडे घर. आधी तिथे टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, संगणक आले, सर तेच राहिले. भर मे महिन्यात ते पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटणं लावून घालत. शेजारी राइस मिल. तिचा कोंडा खिडकी बंद असली तरी आत येई, म्हणून प्रत्येक संगणकावर सरांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं, जुनं लुगडं पांघरलेलं असे. वर्गात आल्यावर पहिलं काम म्हणजे ते लुगडं काढून घडी घालायची. घडी वाकडी झाली तर सर उलगडून परत घालायला लावत. एका कास्तकाराने वैतागून म्हटलं होतं, "सर, आमी कॉम्प्युटर शिकाले आलो का धोब्याचं काम शिकाले?" सर म्हणाले, "ज्याले लुगड्याची घडी जमत नाही, त्याले फाइल कुठं ठेवली ते का सापडन?"

दुपारी सगळे कीबोर्ड उलटे करून थापटायचे. त्यातून कोंडा पडे. तो सर झाडून घेत आणि खिडकीच्या फळीवर चिमण्यांसाठी ठेवत. आमच्याकडे अक्षरांमधून निघालेला कोंडा खाऊन चिमण्या जगल्या, असं मी पुढे बऱ्याच मैफलींत सांगून लोकांना हसवलं आहे. सरांवर हसवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

त्यांची शिकवण्याची रीत उलटी होती. नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याला संगणक सुरू करू देत नसत. स्वतः सुरू करून देत आणि म्हणत, "आता बंद करा." बंद झाला की पुन्हा सुरू करून देत. "आता पुन्हा बंद करा." लोक कंटाळत. सर म्हणत, "सुरू कराले कोनाचं डोकं लागते? बटन दाबलं का झालं. लग्नाचंही तसंच अस्ते. बंद करता आलं पाहिजे, तेही नीट, काही मोडू न देता."

आत बसलेल्या बाई यावर भिंतीपलीकडून म्हणत, "आइकू येते बरं मले."

याच बाईंना सरांनी परीक्षेत नापास केलं होतं. सख्ख्या बायकोला. बाई ते लपवत नसत, आल्या-गेल्याला अभिमानाने सांगत. "दोनदा नापास केलं माह्या नवऱ्यानं. तिसऱ्यांदा मी बसलीच नाही. म्हटलं, घरात एक तं नापास पाह्यजेच, नाही तं ह्याईच्याशी बोलन कोन?"

पण सरांची खरी ख्याती मेन स्विचची. तो दाराच्या मागे होता. लोक मान खाली घालून टाइप करत असले की सर गप्पा मारत खोलीत फिरत. यंदा धान कसं आहे, तलावात पाणी किती आहे, अशा गप्पा. बोलता बोलता दाराशी जात आणि खट्. पंखे थांबत, पडदे काळे पडत. मग त्या अंधाऱ्या शांततेत सरांचा आवाज येई, "कोनाचं वाचलं?"

कोणाचंच वाचलेलं नसे. तासभर घासून टाइप केलेलं पान गेलेलं असे. एकदा एक ग्रामसेवक रडकुंडीला आला. "सर, काहून असं करून राहिले तुम्ही? सांगून तरी करत जा!"

"लाइन सांगून जाते का?" सर म्हणाले. "तिकडं मिल सुरू झाली का व्होल्टेज पडते. तुमच्या गावात तं वारा सुटला तरी जाते. एक वाक्य झालं का सेव्ह करा. वावरात पानी लावलं का धानाची बांधी भरेपर्यंत तुम्ही बसून राहता नं धुऱ्यावर? मंग इथं काहून पाठ फिरवता?"

त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही तालुक्यात ओळखू येतात. एक वाक्य लिहितात, बोट आपोआप सेव्हवर जातं. आपण काय करतो हे त्यांना ठाऊकही नसतं.

आता आमच्याकडे येतो. मी तेव्हा जवळच्याच एका गावात मुख्याध्यापक होतो. वरून आदेश आला की सगळ्या शिक्षकांनी संगणकाची परीक्षा पास व्हावी, नाहीतर वेतनवाढ थांबेल. आम्ही घाबरलो नाही. सरकारी परीक्षा म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं, आयुष्यभर आम्ही त्याच घेतल्या होत्या. प्रत्येक केंद्रावर 'सोय' असते. तुम्ही बसायचं, कोणीतरी माउस हलवायचा, तुम्ही सही करायची. आम्हाला जवळचं केंद्र सरांचं पडलं. आमच्यातले हटवार गुरुजी व्यवहारी माणूस. ते पहिल्याच आठवड्यात पेढ्यांचा डबा घेऊन सरांकडे गेले आणि हळूच म्हणाले, "सर, परीक्षेचं जरा पाहून घ्या."

सरांनी डबा उघडला, वर्गात सगळ्यांना एकेक पेढा वाटला आणि मोठ्याने म्हणाले, "हटवार गुरुजींकडून. कायच्या खुशीत, ते त्याईलेच विचारा."

त्यानंतर आम्ही सरांकडे जात राहिलो, पण शिकायला नाही. हजेरीवर सही करायची आणि खाली टपरीवर चहा प्यायला उतरायचं, एवढाच आमचा अभ्यासक्रम. मी माउस एकदाच हातात घेतला होता. तो सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला आणला आणि म्हणालो, "सर, टेबल संपला."

"उचला आन् मांगं ठेवा गुरुजी," सर म्हणाले. "बैल वावराच्या धुऱ्यावर आला तं का शेजाऱ्याच्या वावरात नेता?"

पोरंटोरं हसली. मुख्याध्यापकाला हसली. मी पुन्हा माउसला हात लावला नाही. मला वाटतं, पुढचं सगळं त्या दिवशीच ठरलं असावं, पण हे वाटणंही माझ्या सोयीचं आहे. टेबलाच्या कडेला एवढं मोठं कारण होता येत नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. राइस मिल दुरुस्तीसाठी बंद होती. आभाळ स्वच्छ, पंखे गरगर फिरत होते, पडदे लख्ख. त्याहून चांगली लाइन लाखनीने क्वचित पाहिली असेल. एक पत्र टाइप करायचं होतं आणि सांगितलेल्या ठिकाणी ठेवायचं होतं, एवढंच. मी एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. त्यात आडनाव दोनदा आलं. ते पुसायला गेलो तर नावही पुसलं गेलं. शेजारी हटवार गुरुजी पडद्याकडे देवाच्या मूर्तीकडे पाहावं तसे पाहत होते. सर मागून गेले तेव्हा मी हळूच म्हणालो, "सर, थोडं सांगा नं."

सर वाकले. माझ्याच इतक्या हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वर्गात पोरानं परीक्षेत असं विचारलं तं तुम्ही का करता?"

मी छडी देत असे. सर पुढे गेले. दाराशी ते एकदाही गेले नाहीत. वेळ संपेपर्यंत ते खिडकीजवळ उभे होते, दारापासून सगळ्यात लांब. आता वाटतं, मुद्दामच उभे होते.

प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्या हातात होते. आम्ही सगळे मास्तर नापास झालो.

संध्याकाळी हटवार गुरुजींच्या ओसरीत बैठक बसली. सरांनी अपमान केला, सर उद्धट आहेत, सर विक्षिप्त आहेत, असं सगळ्यांचं सुरू होतं. मी म्हणालो, याने काही होत नाही. उद्धट असल्याने कोणाचं केंद्र जात नाही. तक्रार अशी पाहिजे की ऐकणाऱ्याने लगेच मान हलवली पाहिजे. आणि मी ते वाक्य सांगितलं. परीक्षा सुरू असताना केंद्रचालकांनी जाणूनबुजून मेन स्विच बंद केला आणि आमचं सर्व काम नष्ट झालं.

 मग हटवार गुरुजी म्हणाले, "गुरुजी, हे तं खरंच वाटते बापा."

खरंच वाटणार होतं. ज्याने सरांच्या वर्गात आठवडा काढला होता त्या प्रत्येकाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी फक्त दिवस बदलला. खोटं बोलायला फार कल्पनाशक्ती लागत नाही, माणसाची एक खरी सवय हाताशी असली की भागतं. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी पहिली होती.

चौकशीला दोन साहेब आले. आम्हालाही बोलावलं होतं. एका साहेबाने सरांना विचारलं, "विद्यार्थी काम करत असताना तुम्ही मेन स्विच बंद करता, हे खरं आहे का?"

"करतो," सर म्हणाले.

"करता?"

"हो. नाही तं शिकतीन कसे?"

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे विचारायचं काही उरलंच नव्हतं. परीक्षेच्या दिवशी केला का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देण्याची सरांना सवय नव्हती. जाताना साहेबांनी मला विचारलं, "मुख्याध्यापक साहेब, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" सर माझ्याकडे पाहत होते. विनवणी वगैरे काही नव्हती त्या पाहण्यात. उत्तर येतं का नाही, हे पाहायला ते विद्यार्थ्याकडे पाहत तसं पाहणं होतं.

मी म्हणालो, "नाही."

तालुक्यात एकाच केंद्राची मान्यता गेली, आणि ते तेवढंच केंद्र होतं जिथे परीक्षा खरी होत असे. लोकांनी त्यातून अर्थ काढला की बाकीची केंद्रं चांगली असणार. आम्ही दुसरीकडे परीक्षा दिली. मी तिथे बाहेर बाकावर बसून तर्री-पोहे खाल्ले, आणि आत माझ्या नावाने कोणीतरी फार हुशार निघालं. प्रमाणपत्रावर माझे गुण हटवार गुरुजींपेक्षा जास्त होते. ते काही दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

देवाच्या दरबारात उशीर असेल, पण पेन्शनरांच्या संघटनेत अंधेर नाही. मी निवृत्त होऊन मोहाडीला घरी आलो. संघटनेला सचिव पाहिजे होता. अध्यक्ष म्हणाले, "आपल्यात संगणकात एवढे मार्क कोनाले आहेत? गुरुजीले करा." टाळ्या वाजल्या. संघटनेने संगणक विकत घेतला, माझ्या समोर ठेवला, नारळ फोडला आणि सगळे आजूबाजूला उभे राहिले. मी त्याच्या चारही बाजूंनी हात फिरवून पाहिला. सुरू कुठून होतो ते सापडेना. शेवटी म्हणालो, "आज अमावास्या आहे." नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लाखनीची बस पकडली. मोहाडीतलं कोणी बघणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. शिकवणारा दुसरा कोणी मिळाला नसता असं नव्हे. पण ज्याच्यासमोर आपण अडाणी आहोत हे आधीच सिद्ध झालं आहे, त्याच्यासमोर अडाणी होणं सोपं जातं.

टायरच्या दुकानावर पाटी होती: 'येथे संगणक शिकवतात. कागद मिळत नाही.' कागद म्हणजे प्रमाणपत्र; त्या पाटीमुळे वर्गात गर्दी नव्हती. एक मेडिकलवाला, दोन बचत गटाच्या बाया आणि खूप लुगडी. सरांनी मला दारात पाहिलं. केस सगळे पांढरे झाले होते, सदऱ्याची बटणं मनगटापर्यंत तशीच.

"या गुरुजी," ते म्हणाले. "बसा. बंद कराले येते का?"

एवढंच. मी रोज वाट पाहत असे की आज बोलतील, आज टोमणा मारतील. ते मला लुगड्याची घडी शिकवत होते. बोलल्या त्या बाई. चहा देताना एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही मास्तरलोकाईतले. तुम्हाले माहीत असन. कोनं खोटं लिहून देलं होतं हो ह्याईच्या नावानं? मी इतक्यांदा विचारलं. ह्याईले माहीत आहे, पन मले नाही सांगत. म्हन्ते, तुले सांगितलं तं तू त्याले चहा देणार नाही."

मी कपातला चहा तसाच खाली ठेवला. सर पलीकडे मेडिकलवाल्याला ओरडत होते, "सेव्ह केलं का? नाही? मंग लिहून का उपयोग?"

हळूहळू मला येऊ लागलं. टेबल पुरू लागला. मग सर म्हणाले, "आता एक पान तुमच्या मनानं लिहा. पुस्तकात पाहून नाही."

मी ते लिहिलं. परीक्षेचा दिवस, ओसरी, ते वाक्य, चौकशी. त्यात आदेश किती जाचक होता, माझं वय काय होतं, घरी मुलीचं लग्न होतं, बाकीचे किती जण होते, हेही सगळं आलं. भरगच्च पान झालं. सरांनी चष्मा लावून पडद्यावर वाचलं. पंख्याचा आवाज येत होता. मेडिकलवाला घरी गेला होता.

"दोन शब्दांत जागा जास्त सुटली आहे," सर म्हणाले. "मधात परिच्छेद पाडला नाही. हे पास होत नाही. पुन्हा करा, पहिल्यापासून."

"सर, मजकूर वाचला का?"

"वाचला. मजकुराले गुण नसते."

मी पुन्हा केलं. पुन्हा नापास. पुन्हा केलं. माझी बोटं जड, एकेक अक्षर शोधावं लागे, आणि रोज पहिल्यापासून म्हटल्यावर माणूस काटकसर करू लागतो. आधी मुलीचं लग्न गळलं. मग माझं वय. मग जाचक आदेश. मग बाकीचे लोक गेले, कारण प्रत्येकाचं आडनाव टाइप करणं जिवावर येई. शेवटी पानावर थोडी वाक्यं उरली. त्या दिवशी लाइन गेली नव्हती. सरांनी स्विचला हात लावला नाही. मी खोटं लिहिलं आणि चौकशीत गप्प राहिलो. खाली माझं नाव, आडनाव एकदाच.

सरांनी वाचलं. या वेळी जरा जास्त वेळ वाचलं.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पास."

मग नेहमीच्याच आवाजात पुढचा धडा सुरू केला. "आता दोन गोष्टी राहिल्या. एक प्रिंट आन् एक डिलीट. प्रिंटचं हे इथं आहे. कागद भरून ठेवला आहे, मशीन सुरू आहे. डिलीट असं अस्ते. आधी ते रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून काढलं का मंग कायमचं जाते. दोन्ही सांगितलं तुम्हाले. कोणतं आधी करता, ते तुम्ही पाहा. मी जरा चहा पिऊन येतो."

आणि ते गेले. वर्ग चालू असताना सर खोली सोडून गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मी एकटा होतो. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता. तो कागद बाहेर आला असता तर मी तो कुठेही देऊ शकत होतो. वरच्या कार्यालयात, खालच्या टपरीवर, किंवा भिंतीपलीकडे बाईंच्या हातात. पलीकडून कपबशीचा आवाज येत होता. 

मी मनाशी म्हणालो, सरांना मजकूर कळला, झालं. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं. आता गावाला कशाला? मी डिलीट केलं. मग बिन उघडली आणि तिथूनही काढायला गेलो. यंत्राने विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं, नक्की ना? मी 'हो' दाबलं. इतक्या दिवसांत माउसचा बाण पहिल्याच फटक्यात नेमका जागेवर गेला, तो तेव्हाच.

सर परत आले. त्यांनी आधी प्रिंटरच्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"जमलं तुम्हाले," ते म्हणाले, आणि लुगडं उचलून संगणकावर पांघरायला लागले. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. त्यांनी धरू दिलं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. मी फार खुशीत होतो. शेजारच्या अनोळखी माणसाला मी आपणहून सांगितलं की या वयात मी संगणकाची परीक्षा दिली आणि पास झालो.